कान ओढून पाहिलात का?

मे महिन्यात भाचीचा मुलगा नागपूरहून आमच्याकडे भनपुरीला राहायला आला. वय अकरा. सुट्टी वाया जाऊ नये म्हणून त्याला रायपुरातल्या एका पोहण्याच्या वर्गात घातलं. रोज सकाळी दीड-दोन तास पाण्यात. घरी आला की डोळे लाल, केस ओले, आणि भूक अशी की विचारू नका. नवव्या दिवशी मी त्याच्यापुढे ठेठरीचा डबा ठेवला. ठेठरी हा इथला, छत्तीसगढचा खाऊ. बेसनाचा, जाड, कडक, दातांना चांगलं काम देणारा. आदल्या आठवड्यात याच पोरानं अर्धा डबा एका बैठकीत संपवला होता. त्या दिवशी त्यानं एक तुकडा तोंडात घातला, एकदा चावला, गालात फिरवून दुसऱ्या बाजूला नेला आणि तसाच चघळत बसला.

"काय रे, मऊ पडली का?"

"नाही मावशीआजी. चावलं की कान दुखतो."

"कधीपासून?"

"दुखतोय आजच. पण खाजतोय तीन-चार दिवस. पाणी गेलंय आत, ते निघतच नाही."

कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला, एक छोटासा उंचवटा असतो. बाहेरचा आवाज नको असला की आपण बोटानं तोच दाबून कान बंद करतो. मी त्याच्यावर बोट ठेवून हलकेच दाबलं. पोरानं मान झटकली. मग कानाची वरची कड धरून जरा वर आणि मागे ओढली, तर डोळ्यांत पाणीच आलं. अंगाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. नाक कोरडं, सर्दीही नव्हती. बॅटरी आणायची गरज उरली नाही. हा पोहणाऱ्याचा कान होता.

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते आणि त्यातली बहुतेक वर्षं कान-नाक-घसा विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात गेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्लीत कुणाचा कान दुखला की माझंच दार वाजतं. मी औषध देत नाही, ते काम डॉक्टरांचं. पण कान ओढून पाहते आणि कुठे जायचं, किती घाईनं जायचं, ते सांगते. आज तेवढंच तुम्हालाही सांगायचं आहे, कारण हे घरच्या घरी ओळखता येतं आणि वेळेवर ओळखलं तर आठवड्याभरात बरं होतं.

आधी त्या नावाबद्दल बोलते, कारण नावानं फार घोटाळा केला आहे. डॉक्टर याला बाह्यकर्णदाह म्हणतात. कानाच्या बाहेरच्या नळीला, म्हणजे भोकापासून पडद्यापर्यंतच्या वाटेला आलेली सूज. पोहणाऱ्यांना जास्त होतो म्हणून इंग्रजीत पोहणाऱ्याचा कान असं नाव पडलं. ते ऐकलं की लोकांना वाटतं, आपण कुठे पोहतो? आपला काय संबंध? भनपुरी ही रायपूरच्या उत्तरेची, बिलासपूर रस्त्यावरची औद्योगिक वस्ती. इथे लाकडाच्या वखारी आहेत, आरा मशीनी आहेत, पलीकडे उरला आणि सिलतराचे कारखाने आहेत. माझे सासरे गोंदियाहून एका वखारीत मुनीम म्हणून आले ते इथलेच झाले. या भागातून जी माणसं असा कान घेऊन यायची, त्यांतली कितीतरी आयुष्यात कधी पोहली नव्हती. भट्टीजवळ आठ-आठ तास घामानं निथळणारा माणूस, आवाजासाठी कानात बोळे घालून पाळी करणारा मजूर, आरा मशीनवरचा भुसा कानात गेला म्हणून किल्लीनं कान कोरणारा पोरगा. ओलावा पाण्याचा असो की घामाचा, कानाच्या कातडीला फरक कळत नाही. श्रवणयंत्र दिवसभर लावणारे आजोबा आणि रात्रभर इअरफोन कानात ठेवून झोपणारी कॉलेजची मुलगी यांचीही तीच गत होऊ शकते.

आणि इथलं पाणी म्हणजे तलावाचं पाणी. छत्तीसगढ हा तलावांचा मुलूख आहे. गावोगाव 'निस्तारी' तलाव असतात, म्हणजे आंघोळीला, कपड्यांना, गुरांना वापरायचे. इथल्या बोलीत तलावाला 'तरिया' म्हणतात आणि त्याच्या पायऱ्यांच्या घाटाला 'पचरी'. पचरीवर उभं राहून नाक धरून पाच-सात बुड्या मारल्या की आंघोळ झाली. बायका कार्तिकात पहाटे अशाच बुड्या घेतात. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, गढूळ होतं, तापतं, आणि त्याच दिवसांत पोरं सगळ्यात जास्त वेळ पाण्यात असतात. मे-जूनपासून ते पावसाळा सरेपर्यंत आमच्या कक्षापुढची रांग कान धरून उभी असायची. "सिस्टर, कान पिरावत हे." कान दुखतोय. मी विचारायचे, दुखायच्या आधी काय होत होतं? उत्तर बहुतेक एकच असायचं: "खजुवावत रिहिस." खाजत होता.

ही खाज ध्यानात ठेवा. दुखणं तिथून सुरू होतं.

खाज का सुटते, हे समजून घ्यायचं तर कानाची नळी कशी असते ते पाहायला हवं. मोठ्या माणसात ती जेमतेम अडीच सेंटिमीटर, म्हणजे इंचभर. सरळ नसते, किंचित वळणं घेत आत जाते. बाहेरचा एक तृतीयांश भाग लवचीक हाडाचा, म्हणजे कूर्चेचा. तिथे केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला भाग कठीण हाडाचा, आणि त्यावरची कातडी कागदासारखी पातळ, हाडाला घट्ट चिकटलेली. ती सुजली तर सुजायला जागाच नाही. एवढ्याशा कानाचा एवढा ठणका का लागतो, त्याचं कारण हे. बाळंतपणं सोसलेल्या बायका मला सांगायच्या की हा ठणका त्याच्या खालोखाल आहे.

आता तो मळ. आपण त्याला घाण समजतो. तो चिकट असतो म्हणून धूळ धरतो, तेलकट असतो म्हणून पाणी आत मुरू देत नाही, आणि थोडा आंबट असतो म्हणून जंतू वाढू देत नाही. शिवाय नळीची कातडी आतून बाहेरच्या दिशेनं सावकाश सरकत असते, कारखान्यातल्या माल वाहणाऱ्या पट्ट्यासारखी, आणि जुना मळ स्वतःच बाहेर आणून टाकते. कान हा शरीराचा असा अवयव आहे, जो स्वतःची झाडलोट स्वतः करतो. आपण काडी घालतो तेव्हा तो मळ उलट आत ढकलतो, थोडा खरवडून काढतो आणि कातडीला बारीक ओरखडे पाडतो. कान ओला राहिला की कातडी भिजून फुगते, आंबटपणा जातो. मग ओरखड्यातून जंतू शिरतात. यातले मुख्य दोन, स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस. पहिला पाण्यात आणि ओल्या जागी मजेत राहणारा. खाज सुटते ती इथे. माणूस पुन्हा कोरतो, क्षणभर बरं वाटतं आणि ओरखडा वाढतो.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानात, कानाच्या रोगांचा अध्याय आहे. त्याच्या सुरुवातीलाच कारणं सांगताना सर्दी, जलक्रीडा आणि कान खाजवणं ही तिन्ही शेजारीशेजारी ठेवलेली आहेत. आमच्या एका डॉक्टरांनी हे मला दाखवलं तेव्हा मला फार नवल वाटलं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी पाण्यात खेळलेली आणि कान कोरणारी माणसं आमच्यासारखीच रांगेत बसलेली पाहिली असणार. पुढे दुसऱ्या महायुद्धात उष्ण दमट बेटांवर लढणारे सैनिकही या कानानं हैराण झाले होते. या दुखण्याला 'सिंगापूरचा कान' असंही एक नाव पडलेलं आहे. मला विचाराल तर रायपूरच्या जुलैचं नावही शोभलं असतं.

आता लक्षणं, जशी ती येतात तशी. आधी खाज, एक-दोन दिवस. मग कानात दडा बसल्यासारखं वाटतं, पाणी अडकल्याची भावना. पोरं एका पायावर उड्या मारत पाणी काढायला बघतात, पण निघत काहीच नाही, कारण तिथे पाणी नसतंच. ती सूज असते. मग दुखणं. ते झपाट्यानं वाढतं, एक-दोन दिवसांत. जबडा हलला की दुखतं, म्हणजे चावताना, जांभई देताना. त्या कुशीवर झोपता येत नाही. भोकाच्या तोंडाशी लाली दिसते, पातळसर पाणी किंवा पिवळट पू येतो, ऐकू कमी येतं, कधी कानाखाली किंवा मानेत गाठ लागते. ताप आला तर बारीकसा, बहुतेकदा नाहीच. अगदी ओळखीची खूण मात्र पहिल्या प्रसंगात सांगितली तीच: कान ओढला किंवा समोरचा उंचवटा दाबला की कळ येते.

ही खूण एवढी महत्त्वाची का? कारण लहान मुलांचा कान बऱ्याचदा पडद्याच्या आतल्या बाजूला दुखत असतो, आणि ते दुखणं वेगळं, त्याचं औषधही वेगळं. तिथे आधी सर्दी झालेली असते, ताप असतो, मूल रात्री एकाएकी किंचाळून उठतं. पण कान ओढला तर त्याला काही विशेष वाटत नाही. पडदा फुटून कान वाहायला लागला की आश्चर्य म्हणजे दुखणं थांबतं. बाहेरच्या नळीच्या सुजेत पाणी आलं तरी ठणका चालूच राहतो. कक्षात आम्ही आणखी एक गोष्ट पाहायचो. सळईला कापूस गुंडाळून कानाच्या तोंडाशी आलेलं पाणी टिपायचं आणि सळई हळूहळू मागे घ्यायची. पाण्याची तार निघाली, शेंबडासारखी, तर ते पडद्याच्या आतून आलेलं. कारण श्लेष्मा तयार करणारं अस्तर फक्त तिथेच असतं. बाहेरच्या नळीच्या स्रावाला तार सुटत नाही. हे घरी करू नका. पण कानातून तार सुटणारं पाणी उशीवर दिसलं तर डॉक्टरांना तसं जरूर सांगा. त्या एका वाक्यानं त्यांचा वेळ वाचतो.

पावसाळ्यात तिसरी एक भानगड असते, बुरशी. तिच्यात दुखण्यापेक्षा खाज फार असते, असह्य. आत पाहिलं तर ओला वर्तमानपत्राचा लगदा कोंबल्यासारखं दिसतं, त्यावर काळे ठिपके. कुणी महिना-महिना स्वतःच्या मनानं कानात जंतुनाशक थेंब घालत राहिलं की जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळं होतं. म्हणून मागच्या वर्षीची उरलेली बाटली या वर्षी वापरू नये. शिवाय पडद्याला भोक असेल तर काही थेंब आतल्या कानाला कायमचं नुकसान करू शकतात. पूर्वी कधी कान फुटला असेल, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी आपणच सांगावं.

उपाय साधा आहे. डॉक्टर कान स्वच्छ करतात, थेंब देतात, दुखण्याची गोळी देतात. साध्या दुखण्यात पोटात घ्यायच्या जंतुनाशक गोळ्या बहुधा लागत नाहीत. थेंबांची बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, कारण गार थेंब पडले की गरगरतं. कूस वळून झोपायचं, थेंब घालायचे, समोरचा उंचवटा हलकेच हलवायचा आणि तीन ते पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. मुलं लगेच उठतात आणि औषध गालावर येतं. दोन-तीन दिवसांत ठणका उतरायला लागतो, थेंब मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण सात ते दहा, पुरे करायचे. तिसऱ्या दिवशी उतार नसेल तर परत जायचं.

नळी सुजून अगदी बंद झाली असेल तर थेंब आत पोचतच नाहीत. तेव्हा वात घालतात. हे काम माझ्या हातचं. बारीक गॉजची पट्टी घ्यायची, इक्थमॉल ग्लिसरीनमध्ये भिजवायची. हे औषध काळं, दाट, डांबरासारख्या वासाचं. ग्लिसरीन सुजेतलं पाणी ओढून घेतं. चिमट्यानं पट्टीचं टोक धरून घड्या घालत घालत तिला नळीत सरकवायचं, न ढकलता. माझ्या सासूबाई रोज दुपारी देवापुढच्या वाती वळायच्या, मांडीवर तळहातानं, एकसारख्या. माझा हात त्या कामात तिथेच तयार झाला असं मी मानते. वात घालताना रुग्ण हात घट्ट धरतो, दात आवळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वात बदलायला येतो तेव्हा तोच माणूस पहिल्यांदा नीट झोपलेला असतो, आणि ते त्याच्या तोंडावर दिसतं. नोकरीतली ती सकाळ मला अजून आठवते आणि आवडते.

ज्याची चीड यायची, तेही सांगते. गरम तेल. लसूण घालून कडवलेलं मोहरीचं तेल कानात ओतून आलेली पोरं मी मोजली नाहीत, पण फार पाहिली. घरच्यांनी मायेनंच केलेलं असतं. माझ्या आईनंही माझ्या कानात घातलं होतं. पण सुजलेल्या, ओरखडलेल्या कातडीवर ते तेल जातं, कधी भाजतं, भुसा आणि धूळ चिकटून बसते आणि डॉक्टरांना आतलं काही दिसत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस, विड्याच्या पानांचा रस, जत्रेतल्या कान साफ करणाऱ्याची सळई, यांतलं काहीही दुखऱ्या कानात जायला नको. पोहून आल्यावर एवढंच करा: मान एका बाजूला कलती करा, कानाची पाळी जरा हलवा, पाणी निथळू द्या, टॉवेलच्या टोकानं बाहेरूनच टिपा. दुसरा कानही तसाच. केस वाळवायचं यंत्र असेल तर सगळ्यात कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून अर्धा मिनिट. कान बरा होईपर्यंत पोहणं बंद, आणि आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलिन लावून भोकाच्या तोंडाशी ठेवायचा, आत कोंबायचा नाही. हे दुखणं एकाचं दुसऱ्याला लागत नाही, म्हणून भावंडांना वेगळं झोपवायची गरज नाही.

आमच्या पोराचं थेंबांवर भागलं. चौथ्या दिवशी त्यानं ठेठरी मागितली, दहाव्या दिवशी डॉक्टरांनी पाण्यात उतरायला परवानगी दिली.

पण एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवता येणार नाही. वखारीत काम करून निवृत्त झालेले सत्तरीतले आमच्या ओळखीचे काका. साखर पंधरा वर्षांची. कान खाजतो म्हणून कुठेतरी पिचकारीनं पाणी मारून मळ काढून घेतला. मग कान दुखायला लागला. थेंब घातले, थोडं बरं, पुन्हा ठणका. ठणका रात्री वाढायचा, झोप लागू द्यायचा नाही. घरात सगळे म्हणाले, कानच आहे, उतरेल. दीड महिन्यानं एका सकाळी चहा पिताना चहा ओठाच्या कोपऱ्यातून सांडला. तोंड वाकडं झालं होतं. जंतू कातडीतून हाडात उतरले होते आणि कानाखालून चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसेपर्यंत पोचले होते. या दुखण्याचं वर्णन 1968 साली चँडलर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी केलं आणि त्याला जे नाव दिलं, त्याचा अर्थ होतो घातक बाह्यकर्णदाह. हा कॅन्सर नव्हे, पण जीव घेऊ शकतो. काका कित्येक आठवडे शिरेतून औषधं घेत रुग्णालयात पडून होते. वाचले. तोंड पुरतं सरळ झालं नाही.

म्हणून ज्यांच्या घरात साखर असलेलं म्हातारं माणूस आहे, किंवा कुठल्या आजारानं, औषधानं प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी आहे, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. अशा माणसांच्या कानात पिचकारीनं पाणी मारू देऊ नका. त्यांचा कान ओढला आणि दुखला, तर दोन दिवस वाट पाहू नका. आणि कानाच्या ठणक्यानं ते रात्री उठून बसत असतील, तर उजाडल्यावर त्यांना घेऊन थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, आणि साखर आहे हे तिथे आधी सांगा.